मनोऱ्याच्या बुंध्याशी

चि.,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र गेल्या आठवड्यात मिळाले. उत्तर लगेच लिहिणार होतो, पण तुझा पहिला प्रश्न इतका नेमका आहे, की त्यावर घाईने लिहावेसे वाटले नाही. १९६० च्या दशकात युरोपच्या किनाऱ्यांबाहेर जहाजांवरून चालणाऱ्या पायरेट, म्हणजे विनापरवाना, रेडिओ केंद्रांविषयी तू जे जे वाचलेस, त्यात निवेदकांची नावे पानोपानी भेटतात आणि प्रक्षेपक कोणी उभा केला हे मात्र ओळीभरही सापडत नाही, असे का, हे तू विचारले आहेस. दुसरा प्रश्न असा, की शेवटच्या वर्षाला प्रक्षेपण हा विषय घेतला तर वर्गातली मुले म्हणतात तसा तो वेडेपणा ठरेल का. आणि तिसरी गोष्ट तू विचारली नाहीस, नुसती जाता जाता सांगून टाकलीस, की हॉस्टेलच्या गच्चीवर तुम्ही चौघीजणी एफएमचा एक छोटा प्रक्षेपक चालवून पाहणार आहात. तिच्याकडे मी शेवटी येईन.

ही केंद्रे का निघाली ते थोडक्यात सांगतो, कारण तो भाग तुला ठाऊक आहे. ब्रिटनमध्ये जमिनीवरून रेडिओ चालवण्याचा अधिकार एकट्या बीबीसीला होता आणि तबकड्यांवरचे संगीत किती तास वाजवायचे यावर करारांची बंधने होती. तरुण पोरांना हवी ती गाणी मिळत नव्हती. देशाचा कायदा तेव्हा किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांवर संपत असे. त्यापलीकडे, परक्या देशाचा झेंडा लावलेल्या जहाजावर, तो पोचत नव्हता. आपल्या घरात ही भूक वेगळी समजावून सांगावी लागत नाही. १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ आकाशवाणीवरच्या चित्रपटगीतांना कात्री लावून बसले आणि तुझे आजोबा इतर लाखो लोकांसारखे रेडिओ सिलोनची सुई शोधू लागले. फरक एवढाच, की सिलोनचे इंजिनिअर पक्क्या जमिनीवर, सरकारी नोकरीत आणि कोरड्या अंथरुणात झोपत होते.

जहाजावरून केंद्र चालवण्याचा प्रकार युरोपात डेन्मार्कजवळ १९५८ मध्ये रेडिओ मर्कुरने सुरू केला. मग स्वीडनसमोर रेडिओ नॉर्ड आले, हॉलंडसमोर रेडिओ व्हेरॉनिका आले, आणि १९६४ च्या ईस्टरच्या आदल्या दिवशी, २८ मार्च रोजी, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ रेडिओ कॅरोलाइन सुरू झाले. कॅरोलाइनचे जहाज म्हणजे फ्रेडरिसिया नावाची जुनी डॅनिश प्रवासी फेरीबोट. आयर्लंडमधल्या ग्रीनोर या लहानशा बंदरात तिच्यावर मनोरा चढवला गेला, आणि तिच्यात प्रत्येकी १० किलोवॅटचे दोन प्रक्षेपक बसवले गेले. त्याच बंदरात त्याच काळात प्रतिस्पर्धी रेडिओ अटलांटाचे 'मी आमिगो' नावाचे जहाजही तयार होत होते. दोन्ही केंद्रे त्याच वर्षी जुलैत एक झाली.

आता प्रवासी फेरीबोटीवर मध्यमलहरींचा (मीडियम वेव्हचा) मनोरा उभा करणे म्हणजे काय, हे जरा सावकाश बघ. निवेदकांच्या आठवणींत हा भाग अर्ध्या वाक्यात संपतो.

कॅरोलाइनने सुरुवातीला १५२० किलोहर्ट्झ ही कंप्रता (फ्रिक्वेन्सी) वापरली. तिची लहर सुमारे १९७ मीटर लांब. (निवेदक मात्र ती '१९९' म्हणून सांगत, कारण इंग्रजीत कॅरोलाइन आणि नाइन यांचे यमक जुळते. खालच्या मजल्यावर कोणीतरी त्यावर नक्की कपाळाला हात लावला असेल.) पाव लहरीचा मनोरा करायचा म्हणजे सुमारे ५० मीटर उंची हवी. जमिनीवर हे काही अवघड नाही. मी जिथे बारा वर्षे काढली त्या कोकणातल्या केंद्रावर मनोरा याहून उंच होता, पण त्याच्या ताणाच्या तारांना आपले पाय रोवायला दहा एकर मोकळे रान होते. जहाजावर त्याच तारा काही मीटर रुंदीच्या डेकवर बांधाव्या लागतात. तार जितकी उभी, तितका तिचा आडवा आधार कमी आणि मनोऱ्यावर खाली दाबणारा भार जास्त. शिवाय हे सगळे दिवसरात्र झुलत असते. जमिनीवरच्या मनोऱ्याला वादळ वर्षातून चार दिवस हलवते. जहाजावरच्या मनोऱ्याच्या प्रत्येक बोल्टला प्रत्येक लाट हलवते, आणि धातू वादळाने मोडण्याआधी पुष्कळदा अशा लहान लहान हिसक्यांनीच थकलेला असतो.

याच्या बदल्यात समुद्राने त्यांना एक मोठे दान दिले होते, आणि ते समजले की या केंद्रांचे अर्धे रहस्य समजते. मध्यमलहरींचा मनोरा म्हणजे अँटेनाचा अर्धाच भाग असतो. उरलेला अर्धा म्हणजे त्याच्या पायाखालची भूमी. आमच्या केंद्रावर बुंध्यापासून चहूकडे तांब्याच्या १२० तारा जमिनीत पुरलेल्या होत्या, आणि दर उन्हाळ्यात त्यांतल्या काही तारा कोणीतरी उकरून भंगारात विकत असे. तारा गेल्या की प्रक्षेपकाचे मीटर काही बोलत नसत, पण तीस मैलांवरच्या गावातून पत्र येई, की हल्ली आवाज खोल गेला आहे. खाऱ्या पाण्याची विद्युतवाहकता ओलसर शेतजमिनीच्या शेकडो पट असते. जहाजाचे लोखंडी पोट त्या पाण्यात बुडालेले असते. वेगळी तार पुरायला नको आणि चोरीला जायलाही नको. शिवाय किनाऱ्यापर्यंतचा सगळा रस्ता पाण्यावरून, जिथे भूलहर, म्हणजे पृष्ठभागालगत जाणारी लहर, फारशी झिजत नाही. म्हणून १० किलोवॅटचे केंद्र जमिनीवरच्या कितीतरी मोठ्या केंद्रासारखे ऐकू येई. डिसेंबर १९६४ मध्ये सुरू झालेल्या रेडिओ लंडनने गॅलॅक्सी या जहाजावर, जी पूर्वी अमेरिकन नौदलाची सुरुंग काढणारी बोट होती, थेट ५० किलोवॅटचा प्रक्षेपक बसवला आणि इंग्लंडचा मोठा भाग व्यापून टाकला.

हे दान फुकट मिळालेले नव्हते. मनोऱ्याच्या बुंध्याशी चिनीमातीचा इन्सुलेटर असतो, किंवा वरून लोंबणाऱ्या तारांच्या टोकांना इन्सुलेटर असतात, आणि त्यांच्यावर सतत खाऱ्या पाण्याचे तुषार उडतात. पाणी वाळते आणि मीठ राहते. त्याचा थर कोरडा असेपर्यंत काही होत नाही. मग एखाद्या रात्री धुके येते, थर ओला होतो आणि हजारो व्होल्टचा दाब त्या ओल्या वाटेने खाली उतरतो.

हे मी पाहिलेले आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्याच्या शेवटी, खाडीवरून वारा सुटला होता आणि पाऊस अजून यायचा होता. रात्री साडेनवाला दोन थेंब पडले आणि प्रक्षेपक ट्रिप झाला. मी चालू केला. पुन्हा ट्रिप झाला. मी सातव्यांदा चालू करायला गेलो तेव्हा आमचे म्हातारे हेल्पर शांतपणे म्हणाले, "साहेब, आधी बाहेर येऊन बघा तरी." बुंध्याच्या इन्सुलेटरवर निळसर जांभळी जीभ वळवळत होती आणि तिच्यातून चक्क बातम्या ऐकू येत होत्या, कारण ठिणगीही आवाजाबरोबर कमीजास्त होते. सात वेळा चालू करून मी तिला सात वेळा पोसले होते. इन्सुलेटरच्या चकाकीवर नखाएवढा काळा ओरखडा कायमचा राहिला. दुसऱ्या दिवशी हेल्परांनी गोड्या पाण्याची बादली आणि सुती फडके आणून तो धुतला आणि मला एक शब्दही ऐकवला नाही. मी त्या दिवसापासून दोन गोष्टी केल्या. दर शनिवारी इन्सुलेटर धुवायला लावले, आणि ट्रिप झालेले यंत्र कारण कळल्याशिवाय दोनदा चालू केले नाही.

आता असे समज, की ते बादलीभर गोडे पाणीसुद्धा किनाऱ्यावरून बोटीने यायचे आहे, वारा आठवडाभर थांबलेला नाही म्हणून बोट आलेली नाही, आणि त्याच पाण्यात स्वयंपाकही करायचा आहे. त्या माणसांच्या कामाची कल्पना करायची झाली तर तिथून कर.

वीज हा त्याहून रुक्ष विषय आहे, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या (इलेक्ट्रॉन नळ्यांच्या) ५० किलोवॅटच्या प्रक्षेपकाला ढोबळमानाने त्याच्या दुप्पट वीज लागे. ती सगळी डिझेल जनरेटरमधून, चोवीस तास. प्रक्षेपक थंड ठेवायला पंखे हवा ओढत, आणि ती हवा खारी असे. बिस्किटाच्या डब्यासारखा पत्रा आतून गंजतो तशी कपाटे गंजत. जहाज आदळले की व्हॉल्व्हच्या आतली तप्त तार हलते, आणि ती एकदा तुटली की मोठा व्हॉल्व्ह म्हणजे काचेचे शोभेचे भांडे उरते. म्हणून माझा तुला पहिला सल्ला जरा विचित्र वाटेल. प्रक्षेपणात जायचे असेल तर एका सुटीत एखाद्या डिझेल मेकॅनिककडे महिनाभर बस. इंजेक्टर उघडायला शीक, इंधनात पाणी शिरले की इंजिन कसे खोकते ते कानाने ओळखायला शीक. आमच्या पिढीत पदवीधर मुले जनरेटरच्या खोलीत पाऊल टाकायला लाजत, आणि मग रात्री दोनला वीज गेली की त्याच खोलीच्या दाराशी हात जोडून उभी राहत. मीही राहिलेलो आहे.

'मी आमिगो' या जहाजाची कथा तुला सांगितलीच पाहिजे, कारण माझ्या मते या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त कष्ट तिच्याच पोटात झाले. १९२१ मध्ये जर्मनीतल्या कील इथे शिडाचे जहाज म्हणून ती बांधली गेली. रेडिओ नॉर्डने तिला प्रथम मनोरा दिला. पुढे ती कॅरोलाइनची झाली. २० जानेवारी १९६६ रोजी वादळात तिचा नांगर सुटला आणि ती इंग्लंडच्या फ्रिंटन गावाजवळच्या वाळूवर जाऊन बसली. दुरुस्तीसाठी तिला हॉलंडला न्यावे लागले. तेव्हा स्वीडनच्या रेडिओ सिडच्या मालकीण ब्रिट वाडनेर यांनी आपले चीता-दोन हे जहाज कॅरोलाइनला वापरायला दिले. मालकांनी हात मिळवले ही बातमी झाली. पण परक्या जहाजावर, परक्या तारांना, भर हिवाळ्यात मध्यमलहरींचे प्रक्षेपण जुळवून देण्याचे काम ज्यांनी केले, त्यांच्या बोटांना किती थंडी वाजली असेल याची बातमी होत नाही. सात वर्षांनी पाळी उलटली. २ एप्रिल १९७३ च्या वादळात व्हेरॉनिकाचे जहाज हॉलंडच्या स्खेवेनिंगनच्या किनाऱ्यावर फेकले गेले, आणि त्या वेळी मी आमिगोने व्हेरॉनिकाला आपले प्रक्षेपण उसने दिले.

तू विचारले आहेस, नावे का सापडत नाहीत. याचे एक उत्तर सर्व काळी सर्व ठिकाणी लागू आहे: प्रक्षेपण चालू असते तेव्हा इंजिनिअर दिसत नाही, बंद पडते तेव्हाच त्याला हाक येते. पण इथे दुसरे, जास्त ठोस कारण आहे. ब्रिटनने १९६७ मध्ये समुद्रावरील प्रक्षेपणाविरुद्ध जो कायदा केला, आणि जो १४ ऑगस्टची मध्यरात्र उलटताच लागू झाला, त्यात निवेदकांइतकेच जहाजाला रसद पुरवणारे, जाहिरात देणारे आणि यंत्रसामग्री बसवणारे व दुरुस्त करणारेही गुन्हेगार ठरले. शिक्षा दोन वर्षांच्या कैदेपर्यंत. म्हणजे पाना हातात धरणे हाच गुन्हा झाला. निवेदक खोटे नाव घेऊन का होईना, गाजल्याशिवाय निवेदक होत नाही. त्याचा धंदाच तो आहे. इंजिनिअरला मात्र गप्प राहण्यातच शहाणपण होते. रेडिओ लंडनने कायदा लागू होण्याआधी, १४ ऑगस्टलाच दुपारी तीनला प्रक्षेपण थांबवले. कॅरोलाइन चालूच राहिले. मात्र मार्च १९६८ मध्ये त्याची दोन्ही जहाजे थकबाकीपायी टगबोटींनी ओढून हॉलंडला नेली.

१९७२ मध्ये मी आमिगो पुन्हा समुद्रात उभी राहिली, आणि इथून जो माणूस सतत दिसतो तो म्हणजे पीटर शिकागो. हे त्याचे कागदोपत्री नाव नाही. रेडिओवर तो याच नावाने ओळखला गेला. १९७० च्या दशकात मी आमिगोवर आणि १९८० च्या दशकात तिच्यानंतरच्या जहाजावर कॅरोलाइनचा आवाज जिवंत राहिला, त्यात या इंजिनिअरचा वाटा फार मोठा आहे. गाणी लावणारे येत आणि जात. तो वर्षानुवर्षे राहिला. तोवर मी आमिगो पन्नाशी ओलांडून गेली होती. तिच्या तळाचा पत्रा इतका झिजला होता, की गळतीच्या जागी पेटीसारखे साचे करून त्यांत सिमेंट ओतत. पंप थांबला की पाणी चढे. अशा बोटीवर प्रक्षेपकाचा इंजिनिअर हा जहाजाचाही इंजिनिअर होतो, कारण पाणी जनरेटरपाशी पोचले तर दोन्ही कामे एकदमच संपतात. १९ मार्च १९८० च्या वादळात नांगराची साखळी तुटली, बोट थेम्सच्या मुखाजवळच्या लाँग सँड या वाळूच्या दांड्यावर आपटली, आणि पाणी पंपांच्या पुढे गेले. शीरनेसच्या जीवरक्षक नौकेने अंधारात पुन्हापुन्हा जवळ येऊन चारही माणसांना उतरवून घेतले. त्यांच्याबरोबर पिंजऱ्यातला एक कॅनरी पक्षीही सुटला. जहाज बुडाले. मनोरा मात्र पाण्याबाहेर ताठ उभा राहिला, आणि त्यानंतर सुमारे सहा वर्षे तसाच राहिला.

मी या मनोऱ्याची छायाचित्रे वारंवार पाहतो. खाली जहाज नाही, प्रक्षेपक नाही, कोणी माणूस नाही; लाटांतून सरळ वर आलेला एक सांगाडा. ज्यांनी तो ताणला, त्यांची नावे मला कोणी सांगितली तर मी ती या पत्रात मोठ्या अक्षरांत लिहीन.

१९८३ मध्ये कॅरोलाइन रॉस रिव्हेंज या मासेमारीच्या जुन्या जहाजावरून परतले. ही कणखर बोट उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात काम करण्यासाठी बांधलेली होती. या वेळी मनोरा केला ३०० फूट, म्हणजे जहाजाच्या लांबीपेक्षाही उंच. वरचे वजन तोलण्यासाठी मासळीच्या कोठारात शेकडो टन काँक्रीट ओतले. हिशेब बरोबर होता, आणि आकाशात तो देखणाही दिसे. ऑक्टोबर १९८७ च्या प्रसिद्ध वादळात, ज्याने दक्षिण इंग्लंडमधली लाखो झाडे आडवी केली, तो उभा राहिला. नोव्हेंबरच्या २५ तारखेला, तुलनेने साध्या वादळात, तो कोसळला. तू आता यावर थोडा विचार कर. मनोरा त्या मोठ्या वादळातून सुटला नव्हता. त्या रात्री त्याला आतून जखम झाली होती आणि ती कोणाला दिसली नाही. मोठ्या तडाख्यानंतर "वाचलो" म्हणून निःश्वास टाकणे स्वाभाविक आहे. पण इंजिनिअरचे काम त्या क्षणी सुरू होते. प्रत्येक सांधा, प्रत्येक ताण, प्रत्येक वेल्ड पुन्हा बघायचा. त्या माणसांना मी दोष देत नाही, कारण खवळलेल्या समुद्रात ३०० फूट वर चढून वेल्ड तपासायला मी गेलो नसतो. तू जमिनीवर असशील. तुला ती सबब नाही.

मनोरा पडल्यावर त्यांनी काय केले, ते मला सर्वांत जास्त आवडते. ठेंगण्या खांबांमध्ये तारा ताणून, कमी शक्तीवर, ते पुन्हा हवेत आले. उंच देखणा मनोरा गेला, तर जमेल तेवढी तार वर न्यायची, बुंध्याशी कॉइलने तिची उणीव भरून काढायची, प्रवाह वाढतो तो सोसायचा आणि बोलू लागायचे. ऑगस्ट १९८९ मध्ये डच आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांनी जहाजावर चढून सामग्री मोडली आणि उचलून नेली. ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला कॅरोलाइन पुन्हा ऐकू आले, क्षीण आवाजात, पण ऐकू आले. तुझ्या पुस्तकात अँटेना जुळवणीचे जे प्रकरण आहे ना, पानभर जटिल संख्यांचे, ते या दृष्टीने वाच. ते गणित सुस्थितीतल्या अँटेनासाठी फारसे लागतच नाही. मोडक्या अँटेनासाठी लागते.

जुळवणीचाच आणखी एक मासला. १९७० मध्ये मेबो-दोन या जहाजावरून रेडिओ नॉर्थ सी इंटरनॅशनल सुरू झाले. मालक दोघे स्विस इलेक्ट्रॉनिक्सवाले, एर्विन माइस्टर आणि एडविन बोलिये. जहाजाचे नावही दोघांच्या आडनावांतून आले. मालकच तंत्रज्ञ असल्याने सामग्रीत कंजुषी नव्हती. मध्यमलहरींचा प्रक्षेपक १०० किलोवॅटहून मोठा होता. ते इंग्लंडच्या किनाऱ्यासमोर येताच ब्रिटिश सरकारने त्याच कंप्रतेवर जमिनीवरून शिट्टीसारखा आवाज सोडून त्यांचे प्रक्षेपण दाबले. केंद्राने कंप्रता बदलली, सरकारनेही बदलली, असे आठवडेच्या आठवडे चालले. ऐकणाऱ्याला ही उंदीर-मांजराची गंमत वाटते. पण दर वेळी कंप्रता ठरवणारा नवा क्रिस्टल, प्रक्षेपकाच्या प्रत्येक टप्प्याची नवी जुळवणी आणि बुंध्याच्या कॉइलवरचे नवे टॅप (जोडाच्या जागा), हे सगळे हलत्या जहाजावर, एखाद्या रात्रीत. १५ मे १९७१ रोजी त्याच जहाजाच्या मागच्या भागात प्रतिस्पर्ध्यांनी पाठवलेल्या माणसांनी बॉम्ब लावून आग लावली. जहाजांवरची माणसे कसल्या शेजारात राहत होती ते यावरून समजेल. जून १९६६ मध्ये तर थेम्सच्या मुखातल्या एका जुन्या लष्करी बुरुजावरच्या प्रक्षेपकाच्या मालकीवरून वाद होऊन एका केंद्रचालकाचा गोळी लागून मृत्यू झाला होता. तेव्हा या विषयाला साहसकथेचा सोनेरी मुलामा देऊ नकोस. त्यांनी कायदा चुकवला, पगार बुडवले गेले, आणि माणसांचे जीव टांगणीला लागले.

आपल्या मुंबईचा एक धागाही इथे आहे. एबी नॅथन हा गृहस्थ इराणमधल्या अबादानला जन्मला, मुंबईत वाढला, शाळा इथेच शिकला आणि दुसऱ्या महायुद्धात वैमानिक झाला. १९७३ ते १९९३ अशी वीस वर्षे त्याने इस्राएलच्या किनाऱ्यासमोर एका जहाजावरून 'व्हॉइस ऑफ पीस' चालवले, अरब आणि इस्राएली दोघांनी ऐकावे म्हणून, आणि शेवटी पैसे संपल्यावर जहाज स्वतःच बुडवले. त्याच्यावर खूप लिहिले गेले आहे. वीस वर्षे भूमध्य समुद्राच्या उन्हात त्या प्रक्षेपकाचे फिल्टर कोण साफ करत होते, हे त्यात शोधून पाहा. न्यूझीलंडचा रेडिओ हौराकी याला थोडासा अपवाद आहे. तिथे चौघा संस्थापकांपैकी एक, डेनिस ओ'कॅलहन, स्वतः तंत्रज्ञ होता, म्हणून त्याचे नाव मागे उरले.

आता तुझा दुसरा प्रश्न. मध्यमलहरींचे मनोरे आपल्याकडे एकेक करून बंद होत आहेत, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. त्या भरवशावर आयुष्य बेतू नकोस. पण मोबाइलचे बेस स्टेशन असो, उपग्रहाचे भूस्थानक असो, बंदरातले रडार असो किंवा किनारी जहाजांशी बोलणारी यंत्रणा असो, शेवटी वीज, उष्णता, गंज, भूजोडणी आणि वारा यांच्याशीच झुंज आहे. संगणकावर सिग्नल सुंदर काढून दाखवणारी मुले पुष्कळ मिळतात. पावसाळ्यात डोंगरावर जाऊन कनेक्टरमध्ये पाणी कुठून शिरले ते शोधणारी मिळत नाहीत, आणि मिळाली की कंपन्या त्यांना सोडत नाहीत. विषय घे. मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःची एक वही ठेव. प्रत्येक बिघाड, वेळ, हवामान, आधी काय दिसले, मग काय केले, आणि केल्याने काही न झाले तर तेही. माझ्या वहीतली ती सात वेळा चालू केल्याची नोंद मी चाळीस वर्षांनी तुला सांगू शकलो, कारण ती लाज वाटत असतानाही लिहून ठेवली होती.

आणि गच्ची. तो प्रक्षेपक चालवू नका. परवान्याशिवाय प्रक्षेपण करणे आपल्याकडे गुन्हा आहे, आणि त्यात रोमांच काहीच नाही. स्वस्तातल्या जुळणीतून निघणाऱ्या उपलहरी (नको असलेल्या जादा लहरी) एफएमच्या पट्ट्याला लागूनच वर असलेल्या विमानसंवादाच्या पट्ट्यात सहज शिरतात. तुमच्या गाण्यामुळे वैमानिकाला नियंत्रण कक्षाचा शब्द ऐकू न आला तर काय होईल, याचा विचार तुम्ही चौघींनी मिळून करा. त्यापेक्षा हॅम रेडिओची परीक्षा द्या. केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाकडून परवाना मिळतो, स्वतःचे हाकचिन्ह मिळते, आणि स्वतः बांधलेला प्रक्षेपक कायद्याने चालवता येतो. कॅरोलाइनसुद्धा शेवटी त्याच वाटेने गेले. २०१७ मध्ये त्यांना रीतसर परवाना मिळाला, आणि ६४८ किलोहर्ट्झवर त्यांचे प्रक्षेपण आता ऑर्फर्डनेस इथल्या जमिनीवरून होते, जिथून पूर्वी बीबीसीची जागतिक सेवा त्याच कंप्रतेवर जात असे. परवाना मिळेपर्यंत जे बांधायचे आहे ते डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी बल्ब जोडून, चालवून बघा. बल्ब उजळला की तुमची शक्ती कळते आणि कोणाला त्रासही होत नाही.

मे महिन्यात तू घरी येशील तेव्हा दोन दिवस माझ्याकडे काढ. माझ्या जुन्या केंद्राचा मनोरा आता बंद आहे, पण एटीयूची, म्हणजे अँटेना जुळवणीची, खोली अजून शाबूत आहे, आणि तिथे असलेल्या सहकाऱ्याने आत जाण्याची परवानगी काढून ठेवली आहे. ती कॉइल तुला हातात घेऊन बघता येईल, मनगटाएवढ्या तांब्याच्या नळीची, आणि बुंध्याच्या इन्सुलेटरवरचा तो नखाएवढा ओरखडाही. सुती कपडे घाल, बुटांचे तळ रबरी असू देत, आणि अंगठी किंवा बांगडी घालून येऊ नकोस. यंत्र बंद असले तरी आत शिरताना आधी अर्थिंगचा रॉड लावायचा. ते मी तुझ्याकडूनच करून घेणार आहे. येताना स्टेशनवरून रिक्षा करू नकोस, मी न्यायला येतो.

बाबांना नमस्कार सांग.

तुझा,
काका